पाळतीवरच्या माणसाचं गाऱ्हाणं: होप आयोगाच्या दप्तराचा प्रकरण अभ्यास

सरकारी दप्तरात ढोबळमानाने दोन तऱ्हेचे कागद असतात. सरकारने लोकांबद्दल लिहिलेले आणि लोकांनी सरकारला लिहिलेले. पहिल्या कागदांना कपाट मिळतं, सूची मिळते, कुलूपही मिळतं. दुसऱ्यांचा बहुतेक वेळा 'किरकोळ अर्ज' असा शेरा मारून गठ्ठा होतो. अभिलेखाच्या कामात माझी इतकी वर्षं गेली, पण हा गठ्ठा सोडवून वाचणारे लोक मी बोटांवर मोजण्याइतकेच पाहिले.

अभ्यासासाठी घेतलेलं प्रकरण ऑस्ट्रेलियाचं आहे. १९७४ साली तिथल्या सरकारने आपल्याच गुप्तचर खात्यांची चौकशी करायला आयोग नेमला. आयोगाने खात्यांना बोलावलंच, पण सामान्य माणसांनाही सांगितलं की काही म्हणायचं असेल तर लिहा, येऊन बोला. ज्यांच्यावर पाळत होती, किंवा आहे असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्या हातात प्रथमच सरकारी बोरू आला. त्यांनी लिहिलेली निवेदनं मग गुप्त दप्तराच्या मांडीला मांडी लावून तीस वर्षं बंद राहिली. मला त्या तीस वर्षांबद्दल आणि कुलूप निघाल्यावर काय झालं त्याबद्दल लिहायचं आहे.

छापा

ऑस्ट्रेलियन सिक्युरिटी इंटेलिजन्स ऑर्गनायझेशन हे अंतर्गत सुरक्षेचं खातं. लांबलचक नाव कुणी घेत नाही, सगळे 'एझिओ' म्हणतात. ते १६ मार्च १९४९ रोजी पंतप्रधान चिफली यांच्या एका आदेशावर उभं राहिलं. सोव्हिएत हेरांना कॅनबेऱ्यातून कागद मिळत असल्याचं ब्रिटिश आणि अमेरिकी यंत्रणांना उलगडलेल्या सांकेतिक तारांमधून कळलं होतं, त्याची ही परिणती. स्वतःचा कायदा खात्याला मिळाला १९५६ साली. मधल्या काळात आणि नंतरही त्याचा बराच वेळ कम्युनिस्ट, कामगार पुढारी, शांतता चळवळीतले लोक, लेखक आणि प्राध्यापक यांच्या फायली भरण्यात गेला. मजूर पक्ष तेवीस वर्षं सत्तेबाहेर होता. आपल्या माणसांच्याही फायली तिथे आहेत, अशी त्या पक्षात पक्की समजूत होती.

डिसेंबर १९७२ मध्ये मजूर पक्षाचे गॉफ व्हिटलम पंतप्रधान झाले. पुढच्या मार्चमध्ये युगोस्लाव्हियाचे पंतप्रधान जेमाल बियेदिच यांचा दौरा ठरला होता. क्रोएशियन अतिरेक्यांकडून त्यांना धोका होता. खातं याची माहिती आपल्यापासून दडवतंय असा अॅटर्नी जनरल (तिथे हे मंत्रिपद असतं) लायनेल मर्फी यांना संशय आला. रात्री ते कॅनबेऱ्यातल्या कचेरीत गेले आणि सकाळी विमानाने मेलबर्नला, मुख्यालयात. केंद्रीय पोलिसांनी तिजोऱ्यांना मोहरा लावल्या. ज्या मंत्र्याच्या हाताखाली खातं, त्यानेच खात्यावर छापा घातला. तारीख होती १६ मार्च १९७३, खात्याचा चोविसावा वाढदिवस. मर्फींना हवं होतं तसं त्यात फारसं काही सापडलं नाही. पण दप्तर आणि मंत्री एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत हे अख्ख्या देशाला दिसलं आणि चौकशी टाळणं अशक्य झालं.

ऑगस्ट १९७४ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती रॉबर्ट मार्सडेन होप यांचा एकसदस्यीय आयोग नेमला गेला. होप याआधी देशातल्या ऐतिहासिक वास्तू आणि निसर्गवारशावरच्या चौकशीचे प्रमुख होते. हेरगिरीशी त्यांचा संबंध नव्हता, आणि बहुधा म्हणूनच निवड झाली असावी. आयोगाचे सचिव होते जॉर्ज ब्राउनबिल.

निवेदनं

आयोगाच्या कामात एक विषय थेट माणसांचा होता. सुरक्षेच्या माहितीवर विसंबून नागरिकाविरुद्ध किंवा स्थलांतरिताविरुद्ध निर्णय झाला, तर त्याला दाद कुठे मागता यावी? निवेदनं का महत्त्वाची ठरली ते यावरून कळतं. त्या काळी परदेशातून आलेल्या माणसाने नागरिकत्वासाठी अर्ज केला की इमिग्रेशन खातं त्याचं नाव एझिओकडे पडताळणीला पाठवी. डाव्या चळवळीत वावरलेल्या कित्येक ग्रीक आणि इटालियन कामगारांचे अर्ज असे वर्षानुवर्षं लटकले किंवा फेटाळले गेले. कारण सांगितलं जात नसे. सरकारी नोकरीत बढती अडे, तिथेही हीच तऱ्हा.

आता आयोगासमोर येणाऱ्या माणसाची अडचण पाहा. आपल्याबाबत नेमकं काय लिहिलंय हे त्याला ठाऊक नाही. त्याच्याकडे कागद नाही, साक्षीदार नाही, असलाच तर एक नकार असतो. बाकी सगळा अंदाज. दारावर कुणी तरी आलं होतं, शेजाऱ्याला काही विचारलं गेलं, फोनवर खरखर येते, मोर्च्यात फोटो काढणारा माणूस पत्रकार वाटला नाही. आणि ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणं, त्याच्याकडे मात्र हे सगळं तारीखवार लिहिलेलं. कोर्टात असा सामना झाला तर वकील पहिल्याच दिवशी हात टेकतील.

होप यांनी काही साक्षी उघडपणे घेतल्या, पुष्कळशा बंद दाराआड. तक्रारी घेऊन ते खात्याच्या दप्तराकडे वळले, आणि या प्रकरणातली मला सगळ्यात बोधप्रद वाटणारी गोष्ट इथे घडली. दप्तर धड नव्हतंच. गुप्तचर खातं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकेक कपाट, एकेक खण, सगळं नंबरवार येतं. प्रत्यक्षात फायलींचा इतका बोजवारा उडालेला होता की बऱ्याच आरोपांची शहानिशा आयोगाला करताच आली नाही. ज्या माहितीवर माणसांच्या नोकऱ्या आणि नागरिकत्व अडलं, ती जिथे ठेवली होती तिथे ती वेळेवर सापडत नव्हती.

ब्राउनबिल यांनी पुढे २००८ साली याबद्दल जाहीरपणे सांगितलं. फायलींमध्ये गावगप्पा आणि कुचाळक्यांचा भरणा होता. अमुक माणूस कम्युनिस्टांकडे झुकलेला आहे छापाचा मजकूर आधीचे पंतप्रधान मेन्झीस यांच्या सरकारांमधल्या काही मंडळींच्या कानावर घातला जाई, आणि कधीकधी तोच संसदेच्या विशेषाधिकाराआडून सभागृहात बोलला जाई. बाहेर बोललं तर अब्रुनुकसानीचा दावा, आत बोललं तर संरक्षण. निवेदन देणाऱ्यांचा अंदाज अगदीच हवेतला नव्हता, याची ही कबुली आयोगाच्याच सचिवाकडून आली. तोवर तीन दशकं उलटली होती.

अर्थात सगळी निवेदनं खरी होती असं समजायचं कारण नाही. आमच्याकडेही अर्जांच्या गठ्ठ्यात जमिनीच्या वादापासून 'माझ्या डोक्यात यंत्र बसवलंय' पर्यंत सगळं सापडतं. गुप्तचरांची चौकशी म्हटल्यावर भयगंडाने पछाडलेल्यांचं प्रमाण वाढणारच. मुद्दा असा की कोणतं निवेदन भ्रमाचं आणि कोणतं अनुभवाचं, हे ठरवायला पलीकडची फाइल लागते. तीच विस्कळीत असली तर निवेदन हाच एकमेव कागद उरतो. म्हणून ते कितीही वेडंवाकडं असलं तरी रद्दीत टाकता येत नाही.

आयोग टिकला कसा

११ नोव्हेंबर १९७५ रोजी गव्हर्नर जनरल जॉन कर यांनी व्हिटलम सरकार बरखास्त केलं. आपल्याकडच्या अनुभवावरून कुणीही म्हणेल, आयोग संपला. तसं झालं नाही. नवे पंतप्रधान माल्कम फ्रेझर यांच्या सरकारने होप यांना काम पुरं करू दिलं. १९७७ पर्यंत आयोगाने आठ अहवाल दिले, त्यातले काही काटछाट करून प्रसिद्ध झाले, बाकीचे गुपित राहिले. परदेशी हेरगिरी करणारी एसिस ही संस्था १९५२ पासून कामाला होती, पण ती अस्तित्वात आहे हे सरकारने अधिकृतपणे मान्य केलं ते १९७७ सालीच.

पुढे फळंही आली. सगळ्या माहितीचं मूल्यमापन करणारं स्वतंत्र कार्यालय १९७८ च्या सुरुवातीला उभं राहिलं. १९७९ चा नवा एझिओ कायदा झाला आणि त्यात सुरक्षा अपील न्यायाधिकरण आलं. म्हणजे नकार मिळालेल्या माणसाला दाद मागायला एक दार झालं. निवेदनांनी हे एकट्याने घडवलं असं म्हणता येणार नाही, पण दार कुठे हवं हे खात्याने होऊन सांगितलं असतं असंही नाही.

जाता जाता एक धागा आपल्या ओळखीचा. १३ फेब्रुवारी १९७८ च्या मध्यरात्रीनंतर सिडनीत हिल्टन हॉटेलबाहेरच्या कचरापेटीत बॉम्ब फुटला. पालिकेचे दोन सफाई कामगार आणि एक पोलीस मेले. आत राष्ट्रकुलातल्या आशिया-पॅसिफिक देशांच्या नेत्यांची परिषद होती आणि मुक्कामाला भारताचे पंतप्रधान मोरारजी देसाई होते. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री म्हणून, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातल्या गोळीबारामुळे, आपल्याकडे त्यांचं नाव कोणत्या सुरात घेतलं जातं ते सांगायला नको. या स्फोटानंतर संरक्षक सुरक्षेचा आढावा घ्यायचं काम फ्रेझर यांनी पुन्हा होप यांनाच दिलं. १९८३ मध्ये गुप्तचर संस्थांवरचा दुसरा आयोग आला, तोही होप यांच्याकडेच. त्यानंतरच्या १९८६ च्या दुरुस्तीने एझिओच्या कायद्यात '१७ अ' हे कलम आलं. कायदेशीर मार्गाने मत मांडणं, निषेध करणं, विरोध करणं या हक्काला हा कायदा आडकाठी करणार नाही, असं ते कलम म्हणतं. चौऱ्याहत्तरच्या निवेदनांतून विचारला गेलेला प्रश्न कायद्याच्या भाषेत यायला बारा वर्षं लागली.

तीस वर्षं

निवेदन देणाऱ्याने कागद दिला तेव्हा तो कधी खुला होईल हे सांगणारा कायदाच नव्हता. ऑस्ट्रेलियाचा अभिलेख कायदा झाला १९८३ साली. त्याने नागरिकाला हक्क दिला की तीस वर्षं झालेला सरकारी कागद मागता येईल, आणि कलम ३३ मध्ये अपवाद दिले: देशाची सुरक्षा, संरक्षण, परराष्ट्र संबंध, दुसऱ्या सरकारने विश्वासाने दिलेली माहिती, गुप्त खबऱ्याची ओळख, कुणाच्या खासगी बाबींचा अवाजवी बोभाटा. २०१० च्या दुरुस्तीनंतर तीसची मुदत टप्प्याटप्प्याने वीसवर आली. गुप्तचर खात्याला तिथे मुळातूनच सूट नाही, हे महत्त्वाचं. एझिओच्या वैयक्तिक फायली 'ए ६११९' या मालिकेत राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि मुदत झाली की त्या कुणालाही मागता येतात. आपल्याकडे माहिती अधिकाराच्या कलम २४ ने आयबी आणि रॉ यांना भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे आरोप सोडून बाहेर ठेवलंय. त्यामुळे ऑस्ट्रेलियन माणूस स्वतःची जुनी फाइल अर्ज करून मागवतो हे ऐकून आमच्या कचेरीत एका सहकाऱ्याने 'आणि ते देतात?' असं दोनदा विचारलं होतं.

मे २००८ मध्ये राष्ट्रीय अभिलेखागाराने होप आयोगाचे अहवाल आणि दप्तराचा मोठा भाग खुला केला. जिथे तिथे मजकूर झाकलेला होता, विशेषतः परदेशी हेरगिरीबाबत.

शासनाने आपलं दप्तर लोकांना कधी दाखवावं, हा वाद मराठी माणसाला नवा नाही. पेशवे दप्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, पुण्यात असूनही इतिहास संशोधकांना इंग्रज सरकारने किती काळ दारात उभं केलं, आणि मग १९३० ते १९३४ मध्ये रियासतकार सरदेसायांच्या हातून निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड कसे निघाले, हे आपल्या संशोधकांच्या घरातलं पुराण आहे. तिथेही सरकारला आधी एकच धास्ती होती: जुन्या कागदांतून आजचं काही निघालं तर? होप दप्तराबाबतची धास्ती याच जातीची.

दुसरी तुलना मात्र मनाला थोडी लागते. १९७७ साली, होप यांचे अहवाल पुरे होत असतानाच, आपल्याकडे आणीबाणीतल्या अत्याचारांच्या चौकशीसाठी निवृत्त सरन्यायाधीश जे. सी. शहा यांचा आयोग बसला. त्याच्याकडे लोकांच्या सुमारे ४८ हजार तक्रारी आल्या. १९८० मध्ये इंदिरा गांधी परत आल्या आणि अहवालाच्या प्रती बाजारातून आणि ग्रंथालयांतून दिसेनाशा झाल्या. बऱ्याच वर्षांनी, २०१० मध्ये, माजी खासदार एरा सेझियन यांनी तो पुन्हा छापला. अहवालाच्या तिसऱ्या भागाची एक प्रत शाबूत राहिली कुठे, तर कॅनबेऱ्यात, ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. होप यांचं दप्तर सांभाळणाऱ्या शहरानेच शहांचा अहवालही सांभाळला.

एक पत्र टेबलावर

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. समजा, लोकांना खुलं करण्याआधी काय झाकायचं ते ठरवायला असं एक निवेदन अभिलेखागारातल्या तपासणाऱ्याच्या टेबलावर आलं आहे. हे पत्र मी रचलेलं आहे, कुणा खऱ्या माणसाचं नाही. पण असे अर्ज हातावेगळे करणाऱ्याला त्यातलं काहीच अपरिचित वाटणार नाही.

दोन पानं, टंकलिखित, काही अक्षरं हाताने दुरुस्त केलेली. वर उजवीकडे आयोगाचा आवक शिक्का आणि तारीख. लिहिणारा गोदी कामगार, ग्रीसहून आलेला. तीनदा नागरिकत्वाचा अर्ज केला, तीनदा नकार. पहिल्या पानावर त्याचं नाव आणि पत्ता. दुसऱ्या पानावर तो म्हणतो की आपल्याविरुद्ध खबर देणारा आपल्याच गल्लीतला अमुक दुकानदार असावा, कारण त्याच्याशी पैशावरून भांडण झालं होतं. शेवटच्या परिच्छेदात बायकोच्या आजारपणाचा उल्लेख. समासात पेन्सिलीने, आयोगाच्या कुणा कर्मचाऱ्याच्या हातचा, एक फाइल क्रमांक.

नवशिक्या तपासणारा इथे काय करेल ते मी पैजेवर सांगतो. खासगी बाब म्हणून तो लिहिणाऱ्याचं नाव झाकेल, सुरक्षा म्हणून पेन्सिलीचा क्रमांक झाकेल, आणि दुकानदार लक्षात न आल्याने तसाच सोडेल. तिन्ही ठिकाणी चूक.

लिहिणाऱ्याने स्वतःच्या सहीने, सरकारने मागितलं म्हणून, आपलं म्हणणं मांडलं होतं. आयुष्यभर निनावी शेऱ्यांनी नाडलेल्या माणसाने एकदा नाव लावून लिहिलं, तर तीस वर्षांनी ते नावच पुसणं म्हणजे त्याला परत खबऱ्याच्या फायलीतला 'सदर इसम' करून टाकणं. त्याने बंद दाराआड, गुप्ततेच्या बोलीवर साक्ष दिली असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा ती बोली पाळावी लागते, आणि म्हणून पत्रासोबतचा आयोगाचा पोचपावतीचा कागद त्याच धाग्यात बांधलेला असणं फार गरजेचं. कागद सुटे करून 'विषयवार लावणाऱ्या' उत्साही माणसांनी या बाबतीत जेवढं नुकसान केलंय तेवढं वाळवीने केलं नसेल.

दुकानदाराची गोष्ट उलट. त्याने आयोगाला काही लिहिलेलं नाही. भांडण झालेल्या माणसाचा तो संशय आहे, आणि कदाचित साफ चुकीचा. त्याची मुलंबाळं आजही त्याच गल्लीत असतील. आयोगाने ज्या कुचाळक्यांसाठी खात्याला झापलं, तसलीच कुचाळकी निवेदनाच्या तोंडून अभिलेखागाराने प्रसिद्ध करायची? तिथे पट्टी हवीच. बायकोच्या आजाराचं नाव तेवढं झाकावं, ती आजारी होती हे राहू द्यावं, कारण त्याशिवाय तिसऱ्या नकाराचा अर्थच लागत नाही.

पेन्सिलीचा क्रमांक बहुतेकांना क्षुल्लक वाटेल. मला तो पत्रापेक्षाही मोलाचा वाटतो. या तक्रारीसाठी कुणी तरी उठून पलीकडची फाइल शोधायला गेलं होतं, याची तेवढीच एक खूण त्या कागदावर आहे. आता ती फाइल 'ए ६११९' मध्ये खुली असेल तर संशोधक दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचू शकतो. क्रमांकात सुरक्षेचं काही नाही. तो झाकला की दोन दप्तरांमधला पूल तुटतो, आणि हे ज्याने केलं त्याला कधी कळतही नाही.

अशी वस्तू अभिलेखागाराच्या ऑनलाइन सूचीत 'अपवादांसह खुली' या वर्गात जाते. पूर्ण खुली आणि पूर्ण बंद यांच्या मधली ही पायरी. काय वगळलं आणि कोणत्या कलमाखाली, हे अर्जदाराला लेखी कळवावं लागतं, ते पटलं नाही तर फेरविचार, आणि तिथेही समाधान झालं नाही तर न्यायाधिकरण. झाकणाऱ्यालाही आपली सही करावी लागते.

तर आमच्या गोदी कामगाराचं पत्र बाहेर येतं ते असं: नाव आहे, पत्ता झाकलेला, कारण तिथे आज दुसरंच कुणी राहत असेल. दुसऱ्या पानावर मधोमध दीड ओळीची काळी पट्टी, तिच्या खाली 'पैशावरून भांडण झालं होतं' हे शब्द तसेच. आजाराच्या नावावर एक आखूड पट्टी. समासात पेन्सिलीचा पुसट क्रमांक. आणि पहिल्या पानाच्या वर उजवीकडे आवक शिक्का, तारखेसकट.